भिंतीतून आलेली टक

ऑनलाइन खेळ सुरू व्हायच्या आधी मॅडम म्हणाल्या, "कासवा, वाजव." माझ्या हेडफोनमध्ये टक असा आवाज झाला आणि दुपारी पोटभर जेवलेलं अन्न आत एकदम उठून बसलं. बाकी कुणाला काही झालं नाही. उंट म्हणाला, "बॉलपेन काय रे?" जुळ्यांतला एक म्हणाला, "बाटलीचं झाकण असणार," तर दुसरा त्याच माइकवर त्याला म्हणाला, "झाकण तू आहेस." कासवाने नेहमीसारखं खाली लिहून उत्तर दिलं, 'आहे काहीतरी. ऐकू येतंय ना? मग झालं.' मॅडम म्हणाल्या, "झकास. हात ढालीवरून काढायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं वाजवायचं. बाम, तुला ऐकू आलं?" बाम म्हणजे मी. मी म्हणालो, "आलं." आवाज माझ्या ओळखीचा होता. वरच्या जबड्याची उजवी बाजू खालच्या जबड्यावर तिरकी आपटते, मध्ये थोडी लाळ सापडते, त्यामुळे ती टक कोरडी नसते, तिला मागे एक ओलसर शेपूट असतं. असा आवाज काढणारी वस्तू जगात एकच आहे. ती मी स्वतःच्या हाताने घडवली होती आणि माझ्या वडिलांनी ती कानशीने घासून बिघडवली होती.

मी दात करतो. डॉक्टर नाही, डॉक्टर तोंडात हात घालतो, मी तोंड हातात घेतो. दवाखान्यांतून गुलाबी लगद्यात घेतलेली मापं आमच्या लॅबमध्ये येतात. त्यांत कधी रक्ताचा दोरा असतो, कधी कुणाच्या शेवटच्या जेवणाचा तुकडा, कधी तर मापाबरोबर दातच निघून आलेला. मी ते धुतो, त्यात प्लास्टर ओततो, वरचा आणि खालचा जबडा बिजागरीच्या यंत्रावर बसवतो आणि उघडमीट करून बघतो. लोक विचारतात, किळस येत नाही का? प्लास्टरची कसली किळस? प्लास्टरचं तोंड गप्प असतं. चावत नाही, चोखत नाही, ढेकर दिल्यावर "हां" म्हणत नाही. माझ्यासमोर अनोळखी लोकांचे जबडे ओळीने आ वासून बसलेले असतात आणि मी त्यांच्यासमोर निवांत डबा खातो. मला किळस येते ती एकाच तोंडाची, आणि ते आमच्या घरात राहतं. वडिलांचे दात गेले तेव्हा कवळी मीच केली. असं काम मी परत केलं नाही. हिरडीचा रंगसुद्धा त्यांच्या हिरडीसारखा, थोडा जांभळटच ठेवला होता. बाबा फिटर, हातातल्या कामाच्या तुकड्याला जॉब म्हणणारे. कारखान्यातून निवृत्त झाले तरी हाताला निवृत्ती मिळाली नाही. आठवडाभर तोंडात घालून ते म्हणाले, "खालची बसते. वरची जरा अडते." मी म्हणालो, "डॉक्टरांकडे जाऊ, ते बघतील कुठे अडते ते." ते म्हणाले, "डॉक्टर काय बघणार? जॉब माझ्या तोंडात आहे." संध्याकाळी घरी आलो तर ते गॅलरीत बसून लोखंडाच्या कानशीने माझं काम घासत होते, आणि गुलाबी भुकटी त्यांच्या लेंग्यावर पडली होती. कवळी झटकून त्यांनी तोंडात घातली, जबडा डावीउजवीकडे फिरवला आणि म्हणाले, "आता बसली." टक.

तर ती टक आता माझ्या कानात होती. मी हेडफोनची एक बाजू कानावरून उचलली. मॅडम म्हणाल्या, "परत एकदा वाजव रे." आणि आधी भिंतीतून टक आली, आणि मग, एक ओशाळवाणा क्षण गेल्यावर, दुसऱ्या कानातून तीच टक आली. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक विटेची भिंत आहे. तिच्या पलीकडे ताईचा जुना कॉम्प्युटर आहे. ताई लग्न होऊन दूरदेशी गेली तेव्हा तो मागे राहिला आणि बाबा त्यावर कोर्टकचेरीच्या बातम्या बघतात, असा माझा समज होता. आवाज त्या खोलीतून निघून कुठल्यातरी परक्या देशातल्या थंडगार यंत्राला भेटून, तिथून वळून माझ्या कानात येत होता. भिंतीतून आलेला मात्र पायी आल्यासारखा आला, चपला न घालता.

आता खेळाविषयी सांगायला हवं, नाहीतर मी हेडफोन काढून फेकून का दिला नाही ते कळणार नाही. आमची सहा जणांची टोळी. मॅडम पुढारी, त्या प्रत्यक्षात गाडी चालवायला शिकवतात आणि खेळातही आम्हाला शिकाऊ समजतात. उंट लांबून बाण मारतो आणि जवळून कुरकुर करतो. जुळे तलवारी चालवतात, बहुतेक वेळा राक्षसावर. कासव ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभं राहतं आणि मार खातं. मी वैद्य. कासव मार खातं, मी ते भरून काढतो; म्हणजे खेळ सहा जणांचा असला तरी माझी नजर कासवाच्या पाठीवर आणि जीव किती उरला ते दाखवणाऱ्या, त्याच्या डोक्यावरच्या हिरव्या पट्टीवरच असते. आणि समोर जावईबापू. राक्षसाचं खरं नाव असं आहे की ते उच्चारताना घसा खरवडतो. पण तो दरबाराच्या मधोमध मांडी घालून खात बसलेला असतो आणि कुणालाही त्याला उठवता आलेलं नाही, म्हणून जावईबापू. त्याचे चार टप्पे. आधी दाढा, मग जीभ, मग जठर. तिथवर आम्ही कैकदा पोचलो होतो. चौथ्या टप्प्यात तो आपल्याला ओकून टाकतो आणि पुन्हा चावायला घेतो, आणि तिथे आम्ही दर वेळी मरत होतो. कारण चौथ्यात ढालीला तडा जातो तो फक्त ढालवाल्याला दिसतो; त्याने खूण करायला बटण दाबलं की हात ढालीवरून निघतो, आणि हात निघाला की कासव संपलं. म्हणून मॅडमनी माइक आणि वाजवण्याची युक्ती काढली. आज शेवटची संधी होती. उद्यापासून कंपनी जावईबापूंना खेळातून काढणार होती आणि मॅडमनी सांगून टाकलं होतं, "आज जमलं तर ठीक, नाहीतर टोळी बंद. रविवारची माझी दुपार मलाही हवी आहे." टोळी बंद झाली असती तर मला काही उंट आणि जुळे यांच्यावाचून मरण आलं नसतं. पण कासव गेलं असतं. आणि कासव हा मला असलेला एकुलता एक मित्र होता. होता, म्हणजे टक वाजेपर्यंत होता.

"गाडी सुरू," मॅडम म्हणाल्या. "उंटा, आरशात बघ. पहिला गियर." आम्ही दाढांमध्ये शिरलो. दाढा म्हणजे दगडी सुळके, खाली लाल पिचपिचीत जमीन, फटींमध्ये अडकलेले घोड्यांचे खूर. ज्या माणसाने हे रचलं त्याच्या घरी जेवायला जाऊ नये. पण ते मला एरवी सोसत असे, कारण ते प्लास्टरसारखंच गप्प चित्र होतं. आज मात्र त्या दाढा माझ्या ओळखीच्या वाटू लागल्या. कासव पुढे चाललं होतं, ठेंगणं, हिरवं चिलखत, गुडघ्यात जरा वाकलेलं, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ते चालताना उजवा खांदा पाडतं. खेळातली सगळी ढालवाली माणसं तसाच खांदा पाडतात, ते तसंच काढलेलं आहे, हे मला माहीत होतं. तरीसुद्धा. मी त्याला पट्टी भरून दिली. बोटांनी आपलं आपण केलं. मग माझ्या मनात आलं की गेले कित्येक महिने मी माझ्या वडिलांना 'लेका' म्हणतोय. 'सरक ना लेका.' 'लेका, तुझ्या ढालीला काय गंज चढलाय?' एकदा तर, 'मर लेका, मला काय, परत उठवतो.' आणि ते लिहायचे, 'बरं.' नुसतं बरं. मला ते त्याचं बरं फार आवडायचं. जगात इतका कमी बोलणारा, आणि बोलेल तेवढं कामाचं बोलणारा माणूस आहे, याचं मला कौतुक वाटायचं. लॅबमधून आल्यावर मी दार लावून बसायचो तर कासव खेळातल्या नदीवर आधीच बसलेलं असायचं, गळ टाकून. मी शेजारी जाऊन बसायचो. मासे मिळायचे नाहीत. आम्ही लिहायचो.

जीभ आली. जीभ ही जागा अशी की ती चाटते, आणि ज्याला चाटलं तो निसरडा होऊन घशाकडे घसरू लागतो. "हाफ क्लच! हाफ क्लच!" मॅडम ओरडत होत्या. उंट घसरला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "कासवा, उंटाला अडव!" आणि ओरडल्यावर मला जाणवलं की मी ओरडलो. तोंडाने. मोठ्याने. भिंत एकाच बाजूने पातळ नसते. माझा आवाज पलीकडे दोनदा पोचत होता, आणि आजच नाही, पहिल्या दिवसापासून. मी गप्प झालो. कासव आलं त्याच्या आधी आमचा जुना ढालवाला सोडून गेला होता, आणि मी आठवडेच्या आठवडे ह्याच खुर्चीत बसून बोंबलत होतो, "आपल्याला मार खाणारा माणूस मिळत नाही! कुणीतरी मार खायला तयार पाहिजे ना!" आणि मग एक दिवस हे ठेंगणं हिरवं चिलखत दरबाराच्या दाराशी येऊन उभं राहिलं. त्याला चालता येत नव्हतं, ते भिंतीवर आपटत होतं, आणि त्याने लिहिलं होतं, 'मार खायला माणूस हवा असं कळलं.' आम्ही खूप हसलो होतो. नाव मीच ठेवलं, कासव.

"बाम, झोपलास का?" उंट घशाच्या कडेला लोंबकळत म्हणाला. "मला औषध दे की, का आमंत्रण पाठवू?" दिलं. कासवाने ढाल आडवी टाकून त्याला अडवलं होतं. पण मी मनाने नदीवर होतो. नदीवर एकदा मी कासवाला लिहिलं होतं, 'तुझ्या घरी कोण कोण असतं?' त्याने लिहिलं, 'एक मुलगा आहे. खोलीत असतो.' मी लिहिलं, 'माझ्या घरी एक म्हातारा आहे. तो जेवतो.' त्याने विचारलं, 'म्हणजे?' आणि मग मी लिहिलं. रंगात येऊन लिहिलं. की म्हातारा जेवायला बसला की ओल्या फडक्याने फरशीवर कुणीतरी कुणाला मारतंय असं वाटतं. की घास आत जातो आणि अर्धा परत हवा खायला बाहेर येतो. की जेवण झाल्यावर तो कवळी जिभेने सोडवून तिच्याखालचं चोखतो, आणि ते चोखताना त्याला जे समाधान होतं ते मला बघवत नाही. की मी हल्ली त्याच्यासमोर बसून खाऊ शकत नाही, उठून जातो, ताट नळाखाली धरतो. गळ हलला तरी कासवाने ओढला नाही. मग लिहिलं, 'त्याला सांग की तोंड मिटून खा म्हणून.' मी लिहिलं, 'सांगून काय होणार लेका, तोंडच तसं आहे.' त्याने लिहिलं, 'बरं.' दुसऱ्या दिवसापासून बाबा ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागले. दार लावून जेवू लागले. मला वाटलं, रुसलेत. खरं सांगायचं तर मला वाटलं, सुटलो.

जठरात आम्ही सगळेच पडलो, ते पडावंच लागतं. खाली पिवळं उकळतं पाणी आणि त्यावर मागच्या खेपांना मेलेली माणसं अर्धी पचून तरंगत असतात, डोक्यावर नावांसकट. मागच्या रविवारचा उंट तरंगत होता. मागच्या रविवारचा मी माझ्याच पायाशी येऊन आपटत होतो, गाल विरघळलेला, आणि मला त्याला ढकलावं लागत होतं. जुळ्यांतला एक म्हणाला, "तू मेल्यावर बरा दिसतोस." दुसरा म्हणाला, "तू जिवंतपणी दिसत नाहीस." तेवढ्यात कासवाने वाजवली. टक. पाणी वर येतंय, असा त्याचा अर्थ होता. आधी तसं ठरलं नव्हतं, पण आम्ही सगळे खांबांवर चढलो. पाणी खांबाला चाटत वर आलं. मी खाली बघितलं आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं.

आईला शेवटी शेवटी चावता येत नव्हतं. गिळता यायचं, थोडं. डॉक्टर म्हणाले, मऊ करून द्या. मी मिक्सर लावायचो तर त्या घरघरीने ती घाबरून रडायची, लहान मुलासारखी, तोंड वासून आणि आवाज न करता. कुस्करून दिलं तर त्यातली एखादी गाठ घशात अडकून ती काळीनिळी व्हायची. मग बाबा म्हणाले, "तू नको येऊस जेवणाच्या वेळी. मी बघतो." मला हायसं वाटलं. एके दिवशी लॅबला सुट्टी आहे हे विसरून मी गेलो आणि तसाच परत आलो, तर स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं. ते तिच्यासमोर बसले होते, उन्हात. त्यांच्या तोंडात घास होता आणि ते तो चावत होते, डोळे मिटून, सावकाश, कुठे गाठ राहिली ते जिभेने शोधत. तेव्हा त्यांचे स्वतःचे दात होते, शेवटचे, हलणारे. मग त्यांनी बोटांवर ते काढलं, राखाडी, ओलं, तार धरणारं, आणि आईच्या तोंडात ठेवलं. आणि आईने ते घेतलं. तिने ओठ पुढे केले. मला ती ओठ पुढे करण्याची गोष्ट विसरता आली नाही. मी चपला हातात घेऊन जिन्यावर आलो आणि कठड्यावरून खाली ओकलो. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अरे, बघून!" त्या दिवसापासून ते तोंड माझ्यासाठी तोंड राहिलं नाही. ते एक भांडं झालं, ज्यात काय शिजलं होतं ते मला माहीत होतं. आई गेली. तिच्यामागून वर्षभरात त्यांचे दात गेले. मग दवाखान्यातून माप आलं, त्यांच्या हिरड्यांचं, आणि मी प्लास्टरचं तोंड माझ्या टेबलावर ठेवलं, आणि त्या प्लास्टरची मात्र मला किळस आली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या टेबलाकडे पाठ करून डबा खाल्ला.

"चौथा टप्पा," मॅडम म्हणाल्या, आणि जावईबापूंनी आम्हाला ओकून टाकलं. दरबाराच्या फरशीवर आम्ही सहा जण लोळत होतो, अंगावरून काहीबाही ओघळत. समोर तो प्रचंड जबडा, वर आणि खाली, आणि मध्ये ढाल उभी करून कासव. चौथ्यात माझी सगळी औषधं नासतात. एकच उरते, मुळी. आणि मुळी देण्याची रीत कंपनीतल्या कुठल्या सडक्या डोक्यातून निघाली देव जाणे, पण ती अशी: वैद्याने ती आधी आपल्या तोंडात चावायची आणि मग ढालवाल्याच्या तोंडात भरवायची. आमची टोळी त्याला उष्टं म्हणते. "उष्टं दे! उष्टं दे!" असं ओरडताना बाकीच्यांना मजा येते. ते चित्र पडद्यावर येतं तेव्हा मी कळफलकाकडे बघतो. नदीवर एकदा कासवाने विचारलंही होतं, 'मुळी देताना तू कुठे बघतोस?' मी लिहिलं होतं, 'शी. तिकडे कोण बघेल?' आता मला वाटलं, उठावं. सरळ उठावं, वीज गेली म्हणावं, बाथरूममध्ये जाऊन घशात बोटं घालावीत आणि मोकळं व्हावं. टोळी बंद होईल. कासव नदीवर येणार नाही. पलीकडच्या खोलीत एक म्हातारा राहील, त्याचं ताट घेऊन, दार लावून, आणि मी म्हणेन, मला काही माहीत नाही. हे सहज जमलं असतं.

जबडा मिटला. हेडफोनमध्ये टक वाजली. मी मुळी दिली. उशीर झाला. कासवाची पट्टी सर्रकन खाली आली, ढालीचा एक कोपरा उडाला. "बाम! ब्रेक काय दाबून बसलायस!" मॅडम किंचाळल्या. "टक झाल्या झाल्या दे!" मी म्हणालो, "झाल्या झाल्याच दिलं." आणि दिलं होतं. ती टक परक्या देशात जाऊन, तिथे बूट काढून, बसून, पाणी पिऊन मग माझ्याकडे येत होती. तेवढ्या वेळात जावईबापूंचं चावून होत होतं. असल्या उशिरावर कुणाच्याही हाताचा इलाज नव्हता, पृथ्वी एवढी मोठी आहे त्याला बाम काय करणार? पुन्हा जबडा उघडला. अजून एक चावा आणि आम्ही संपणार, हे सगळ्यांना दिसत होतं. उंट म्हणाला, "चला, बरं वाटलं भेटून." आणि मी हेडफोन काढला.

खोलीत पंखा होता. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मॅडमचा आवाज मांडीवरच्या हेडफोनमधून माशीसारखा येत होता. मी खुर्ची सरकवली आणि कान भिंतीला लावला. भिंत गार होती, रंगाची एक पापडी कानात घुसली. पलीकडे आधी श्वास ऐकू आला. नाकातून, शिट्टी वाजत. मग जीभ ऐकू आली, ओल्या जागेत फिरणारी, वरची कवळी सोडवणारी, तिला उचलून पकडणारी. मला सगळं दिसत होतं, माझ्या हाताने लावलेला एकेक दात, त्यावर चढलेला थर, खालची ती जांभळट हिरडी. माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं तसं, खारट. आणि जीभ थांबली. ती थांबली म्हणजे आता येणार, हे मला कळलं, कारण जेवणाच्या टेबलावर ती थांबली की मी ताट उचलत असे. टक यायच्या किंचित आधी मी मुळी चावली. टक आणि घास एकदमच पडले. ह्या वेळी मी कळफलकाकडे बघू शकत नव्हतो, कान भिंतीला असला की मान पडद्याकडेच वळते. तर मी बघितलं. पडद्यावरच्या माझ्या माणसाने तोंडातून बोटांवर काढलं, आणि त्या ठेंगण्या हिरव्या चिलखताने शिरस्त्राणाची झापड वर करून ओठ पुढे केले. पट्टी भरली. ढाल टिकली.

जीभ थांबली. मुळी. टक. जीभ थांबली. मुळी. टक. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही, मला दर वेळी वाटत होतं की आता ह्या खेपेला कळफलकावरच ओकणार. पोट एका बाजूने वर येत होतं, बोटं दुसऱ्या बाजूने काम करत होती, आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. मग मांडीवरची माशी एकदम मोठी झाली, मी हेडफोन कानाला लावला तर जुळे एकमेकांच्या तोंडावर ओरडत होते, उंट रडत होता किंवा हसत होता, आणि पडद्यावर जावईबापू उठले होते. पहिल्यांदाच. मांडी मोडून, जड, दमलेले, ते उठले आणि आडवे झाले. मॅडम म्हणाल्या, "पास! सगळे पास! लायसन घेऊन जा!" मग त्यांचा श्वास खाली बसला आणि त्या म्हणाल्या, "पण बाम, एक सांग. मला टक ऐकू यायच्या आधीच तू मुळी देत होतास. प्रत्येक वेळी. तुला भविष्य कळतं की काय?"

मी म्हणालो, "अंदाज आला." भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. मग नाकातली शिट्टी थांबली.

जावईबापू मेले की त्यांचा जबडा बक्षीस मिळतो, डोक्यावर घालायचा, सोन्याच्या दाढांचा, एकच. मॅडम म्हणाल्या, "कासवाला. कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. मग कासवाची अक्षरं आली. 'मला नको. माझ्याकडे एक आहे. बामने केलेला.' आणि ते निघून गेलं. "म्हणजे?" उंट म्हणाला. "बाम, तू ह्याला आधी कधी जबडा दिलास? आम्हाला न सांगता?" जुळे म्हणाले, "पक्षपात!" मी हेडफोन टेबलावर ठेवला.

स्वयंपाकघरात बाबा नळाखाली ताट धरून उभे होते. ताट कधीच स्वच्छ झालं होतं. मी दारात थांबलो, तेच दार, अर्धं. त्यांनी वळून बघितलं नाही.

"पाणी हवंय?" ते म्हणाले.

"नको."

"ती मुलगी बरी शिकवते गाडी. तोंड जरा फटकळ आहे."

"बाबा, वरची दाखवा."

"कशाला?"

"उजवीकडून चुकीची घासलीत तुम्ही. दाखवा, नीट करून आणतो."

"चुकीची नाही. जॉब बसला होता."

"वाजते."

"वाजते ना," ते म्हणाले, आणि नळ बंद केला. थोडा वेळ ताटावरून थेंब पडत राहिले. मग त्यांनी अंगठा तोंडात घातला, चोखल्यासारखा एक लांबलचक आवाज झाला, तोच, आणि त्यांचा चेहरा पिशवी रिकामी व्हावी तसा आत गेला. मी हात पुढे केला होता, मला वाटतं तो धुतलेला नव्हता. त्यांनी कवळी माझ्या तळव्यावर ठेवली. कोमट होती. लाळेची एक तार त्यांच्या ओठापासून माझ्या मनगटापर्यंत ताणली गेली आणि तुटता तुटेना. मागच्या दाढेत दुपारच्या जेवणातलं काहीतरी अडकलेलं होतं, राखाडी, अर्धं चावलेलं.

"हिरडीला टोचतं तेवढं काढ," ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द सगळे मऊ होऊन येत होते, गाठी काढल्यासारखे. "टक राहू दे. दुसरा कुणीतरी राक्षस आणतीलच ते कंपनीवाले."

तार तुटली. मी तळवा मिटला. घशाशी आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, "बरं."